म्हातारीचा बाक

गाडी भंगारात द्यायची नाही, घरीच सरळ करायची, हा निर्णय ठिणगीने दात घासता घासता घेतला. आयुष्यातले बहुतेक मोठे निर्णय ती त्याच वेळी घेई. तोंडात फेस असला की वडीलधाऱ्यांशी वाद घालता येत नाही, आणि वाद नसला की माणसाला विचार सुचतात. चूळ भरून ती तशीच व्हरांड्यात आली.

"बाबा, भंगारवाल्याला फोन करा. येऊ नको म्हणावं."

बाबांनी पेपर खाली घेतला नाही. (पेपर कालचा होता. आई गेल्यापासून ते कालचाच वाचत. आजच्या बातम्या अंगावर येतात, कालच्या निदान होऊन तरी गेलेल्या असतात, असं त्यांचं म्हणणं.)

"तो रविवारी येणार आहे," पेपरामागून आवाज आला.

"मग रविवारच्या आत मी ती सरळ करते."

"लोखंड आहे ते. केस नव्हेत विंचरून सरळ करायला."

"आणि झाली सरळ, तर?"

पेपर जरासा हलला. "तर फाटकातून बाहेर काढून दाखव. कुठेही न घासता. निघाली तर राहील. नाही निघाली, तर तो बाहेर उभा असेलच."

झालं, ठरलं. बाबांनी पान उलटलं आणि ते पुन्हा कालच्या दिवसात निघून गेले.

आता या घराची रीत सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. या घरात मोडलेली वस्तू कोणी दुरुस्त करत नसे. वस्तू वाकली, की माणसं तिच्या बेताने वाकत. बाथरूमचं दार आधी वर उचलायचं, मग लावायचं. स्वयंपाकघरातला नळ बंद करायचा तर आधी आणखी थोडा उघडायचा. दिवाणखान्यातलं घड्याळ पुढे पळे, पण घरातलं कोणीही त्याच्याकडे बघून मनातल्या मनात वजाबाकी करी आणि बरोबर वेळ सांगे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं ते एका कडेला. एकदा विम्याचा एजंट तिच्यात ऐसपैस मधोमध बसला आणि अपघात सांगून येत नाही हे सांगता सांगता जमिनीवर गेला. "अहो, त्यांना कडेला बसा म्हणून सांगायचं नाही का?" असं आई बाबांना म्हणाली. खुर्चीला खिळा मारावा, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

या विद्येत आई सगळ्यांची गुरू. आणि तिची पट्टशिष्या म्हणजे म्हातारी.

म्हातारी ही घरची जुनी मोटार. गोल दिव्यांची, रुंद नाकाची, चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाची, ठिणगीपेक्षा वयाने कितीतरी मोठी. बाबांना गाडी येत होती, म्हणजे त्यांच्याकडे परवाना होता. चालवायची आईच. ठिणगी कॉलेजात गेली तेव्हा तिलाही आईनेच शिकवलं.

"स्टिअरिंग जरा उजवीकडे धरून ठेव."

"पण आपल्याला सरळ जायचंय ना?"

"सरळ जायचंय म्हणूनच सांगते. ही आपली आपण डावीकडे ओढते. आपण उजवीकडे धरलं की जाते बिचारी सरळ."

"अगं, मग गॅरेजात दाखव ना!"

"कशाला? सवय होते."

सवय होते. दारावर घराच्या नावाची पाटी नव्हती, ती असती तर त्यावर हेच लिहावं लागलं असतं.

पुढे आईच्या पाठीत दुखायला लागलं. उजव्या कुशीवर झोपलं की दुखत नाही, असं तिने शोधून काढलं. पण उजव्या कुशीवर झोपलं की तोंड भिंतीकडे येई, म्हणून बाबांनी आणि काकांनी मिळून पलंग फिरवला. आता खिडकी दिसते, छान झालं, असं सगळे म्हणाले. पलंग फिरवल्यावर कितीतरी महिन्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं, तेव्हा डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि ते बराच वेळ तो धरूनच राहिले.

ठिणगीचा राग तेव्हापासूनचा. तिला सगळे ठिणगी म्हणत ते लहानपणापासून, पण जाळायला खरंखुरं काही मिळालं ते तेव्हा. वर्ष झालं तरी तो पलंग फिरवलेलाच होता, आणि येताजाता त्याच्या कोपऱ्यावर तिचा गुडघा आपटे. (इतरांचा आपटत नसे. इतरांना सवय झाली होती.)

आणि गेल्या महिन्यात, बॅटरी उतरू नये म्हणून, बाबांनी म्हातारीला पहिल्यांदा एकट्याने बाहेर काढायचं मनावर घेतलं. स्टिअरिंग उजवीकडे धरायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं ते शेजारच्या सीटवर बसून पेपर वाचत आले होते. म्हातारी आपल्या स्वभावाप्रमाणे डावीकडे गेली, आणि फाटकाचा डावा खांब हा काही तिथून हलणारा नव्हता.

तरी थोडा हललाच. रस्त्याच्या बाजूला कलला. फाटकाची डावी झडप बाहेर गेली, उजवी आत राहिली, आणि मधली कडी लागेनाशी झाली. मग बाहेरून डाव्या झडपेला खांद्याने जोरात रेटायचं, दोन्ही झडपा एका रेषेत आल्या की पटकन तारेचा वेढा घालायचा, अशी पद्धत पडली. आठवडाभरात सगळ्यांना सवय झाली. ठिणगीलासुद्धा, पण तिने ते कबूल केलं नाही.

म्हातारीचं मात्र अवघड होतं. गाडीच्या पोटाखाली मागून पुढपर्यंत लोखंडाच्या दोन लांब तुळया असतात, सगळं धड त्यांच्यावर बसलेलं असतं. ती चासी. तिच्या डाव्या तुळईचं पुढचं टोक आत दबलं होतं. गॅरेजवाला येऊन वाकून पाहून गेला. "पत्रा असता तर ठोकून दिला असता," तो म्हणाला. "चासीला मी हात लावत नाही. या वयात हाडं जुळत नाहीत हो." मग बाबा घरात गेले आणि त्यांनी भंगारवाल्याला फोन केला. 

ठिणगीची पदवी भूगोलाची. त्यामुळे चासी सरळ करण्याचं तिचं सगळं ज्ञान फोनवरच्या व्हिडिओंतलं होतं, पण ते तिच्याजवळ भरपूर होतं. ऑफिसात रजा टाकून तिने म्हातारीला अंगणात जाड लाकडी ठोकळ्यांवर चढवलं. बंपर, जाळी, बॉनेट, रेडिएटर, सगळं काढून ओळीने मांडून ठेवलं. समोरून म्हातारी कवळी काढलेल्या माणसासारखी दिसायला लागली. व्हरांड्यातून बाबांनी एकदा पाहिलं आणि खुर्ची फिरवून घेतली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून काका उतरले. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर सिद्ध करायला काही न उरल्यामुळे घरभर हिंडणारे.

"काय करायचंय नेमकं?" काकांनी विचारलं.

"मापायचंय. चासीला दोन्ही बाजूंना सारखी भोकं असतात. भोकातून ओळंबा सोडायचा, टोक जिथे टेकेल तिथे खडूने खूण करायची. मग या खुणेपासून तिरकं त्या खुणेपर्यंत, आणि त्या खुणेपासून या खुणेपर्यंत."

"म्हणजे कर्ण!" काकांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी दिवा लागला. "आयताचे कर्ण समान असतात. समान नसतील, तर तो आयत नव्हे!"

"तेच म्हणते मी."

"तू म्हणत नाहीस, ते प्रमेय आहे."

टेप आईच्या शिवणाच्या डब्यातली निघाली. एक कर्ण काकांनी मापला, एक ठिणगीने. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले.

"सरळच आहे की ही!" काका म्हणाले. "उगाच फाडलीस बिचारीला."

"काका, डोळ्यांना वाकडी दिसतेय ती!"

"डोळ्यांचं काय सांगतेस! डोळ्यांवर भूमिती चालली असती तर..."

"थांबा. तुम्ही टेप कुठून धरलीत?"

"टोकापासून. पण टोक फाटलंय तिचं, म्हणून दोन बोटं वजा केली."

"वजा केलीत?"

"म्हणजे? तू नाही केलीस? या टेपवर दोन बोटं वजा करायचीच असतात. तुझी आई नेहमी करायची. सगळ्या घराला माहीत आहे!"

ठिणगीने ती टेप गुंडाळली आणि कुंपणापलीकडे भिरकावून दिली. व्हरांड्यातून बाबा उठले, चपला घातल्या, फाटकाची तार सोडली, रस्त्यावरून टेप उचलून आणली, झडपेला खांदा लावला, तार घातली आणि टेप झटकून खिशात ठेवली. ठिणगी नवी टेप आणायला दुकानात गेली ती मान खाली घालूनच.

नव्या टेपने खरं काय ते सांगितलं. कर्णांत बरोबर दोन बोटांचा फरक होता.

ओढायला साखळीची पुली वेल्डरकडून मागून आणली. एक टोक अंगणातल्या झाडाच्या बुंध्याला, दुसरं तुळईच्या दबलेल्या टोकाला. गाडी मागच्या बाजूने पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधायची, म्हणजे ओढताना ती पुढे येणार नाही. ठिणगीला वाटलं काकांनी बांधली. काकांना वाटलं ठिणगीने बांधली. साखळी ताणली, लोखंड करकरलं, दोघांनी श्वास रोखला, आणि म्हातारी अंगाची एक सुरकुतीही न मोडता अख्खीच्या अख्खी पुढे सरकली आणि ठोकळ्यांवरून धाडकन खाली बसली.

"मागून बांधायचं असतं," व्हरांड्यातून बाबा म्हणाले.

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुझी काही वेगळी पद्धत असेल."

पण तेव्हापासून बाबांनी खुर्ची अंगणाच्या बाजूला वळवली. दुसऱ्या दिवशी ते पायरीवर येऊन बसले. तिसऱ्या दिवशी मागची गाठ त्यांनी स्वतः बांधली, तीही दोनदा तपासून. पुलीचा दांडा काकांकडे, टेप ठिणगीकडे. ओढायचं, साखळी ढिली करायची, मापायचं. दर वेळी साखळी ढिली केली की लोखंड थोडं मागे जाई.

"सोडलं की जातंच ते जुन्या जागी," बाबा म्हणाले. "त्याला तेच आपलं वाटतं."

"म्हणून जरा जास्तच ओढायचं असतं," ठिणगी म्हणाली. "व्हिडिओत सांगितलंय."

शनिवारी दबलेलं टोक बाहेर आलं, पण कर्ण काही जुळेनात. ठिणगी पाठीवर सरपटत गाडीखाली गेली आणि बॅटरी मारून बघत राहिली. मग तिचा आवाज आला. "काका, बाबांनी ठोकली ती जागा नाही ही. हा दुसराच बाक आहे. मागे, चाकाजवळ. याच्या घडीत गंज आहे, आणि गंजावर रंग आहे. हा जुना आहे! आपण गाडी घेतली तेव्हापासूनचा!"

"म्हणजे?"

"म्हणजे म्हणून ही डावीकडे ओढायची! मुळातच वाकडी होती, आणि आई जन्मभर हिला..." गाडीखालून तिने त्या बाकावर हात आपटला. "तासाभराचं काम होतं हे. कोणी एकदा वाकून बघायचं होतं फक्त."

काका पुलीच्या दांड्याकडे बघत राहिले. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली वाकले आणि गाडीखाली पाहिलं. (ठिणगीने त्यांना वाकून काही बघताना पहिल्यांदाच पाहिलं.)

"तेवढा राहू दे," ते म्हणाले.

"काय?"

"तो बाक. माझा काढलास, बास झालं. तो तिचा आहे, राहू दे."

"बाबा, तो आईचा नाही, चासीचा आहे! राहू दे, राहू दे करतच..." पुढचं वाक्य तिने गिळलं, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मी नाही ठेवणार. सरळ म्हणजे सरळ."

बाबा उठले आणि आत गेले. संध्याकाळपर्यंत ठिणगीने आणि काकांनी तो बाक काढला. कर्ण जुळले. काकांनी पुन्हा मापले, पुन्हा जुळले. "सिद्ध झालं!" असं ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. काढलेलं सगळं पुन्हा बसवून दोघांनी म्हातारीला ठोकळ्यांवरून उतरवलं. ठिणगीला मात्र म्हणावा तसा आनंद झाला नाही. अंगणात उभी असलेली गाडी अगदी सरळ होती, आणि कोणाची तरी अनोळखी गाडी वाटत होती.

रविवारी भंगारवाला वेळेआधीच आला. हातगाडी रस्त्यापलीकडे लावून तो फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसला, दवाखान्याबाहेर नातेवाईक बसतात तसा.

"कसं काय आहे आत?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"ठणठणीत आहे," ठिणगी म्हणाली. "तुम्ही जाऊ शकता."

"बसतो, ताई. अशा केसमध्ये शेवटपर्यंत काही सांगता येत नाही."

काकांनी दोन्ही झडपा सताड उघडल्या. बाबा स्टिअरिंगकडे निघाले होते, इतक्यात ठिणगीने दार अडवलं.

"तुम्ही नको, बाबा."

"का?"

"तुम्ही पुन्हा काहीतरी सांभाळून घ्यायला जाल. आता हिला सांभाळून घ्यायची गरज नाही. ही सरळ आहे. सरळ बसायचं, सरळ जायचं. तुम्हा लोकांना सरळ वस्तूची सवयच नाही!"

हे वाक्य गल्लीत सगळ्यांनी ऐकलं. भंगारवाल्याने तर मान डोलावली. बाबा निमूट बाजूला झाले.

ठिणगी आत बसली. सीट अजून आईच्या मापाने पुढे सरकवलेली होती, तिने तशीच राहू दिली. म्हातारी खोकली, थरथरली, चालू झाली. फाटक समोर होतं. काका फाटकापलीकडे मागे मागे चालत, दोन्ही हातांनी बोलावत होते.

"ये... ये... ये... सरळ... सरळ ये..."

"सरळच आहे!"

"अगं, डावीकडे घे जरा!"

"काका, ती आपली आपण डावीकडे जाते!"

"अगं, नाही जात! डावीकडे! डावी..."

आवाज पहिल्यासारखाच झाला, फक्त दुसऱ्या कानात. उजवा खांब रस्त्याच्या बाजूला कलला. गोल दिव्यांपैकी एक घरंगळत जाऊन भंगारवाल्याच्या पायाशी थांबला. त्याने तो उचलून बाहीने पुसला आणि अदबीने बाजूला ठेवला.

ठिणगी समोर बघत बसून राहिली. गाडी सरळ होती. तिने स्वतः मापली होती. काकांनी सिद्ध केली होती. मग?

बाबा सावकाश चालत खिडकीशी आले. ती वाट बघत होती, की आता ते बोलतील. ती एवढं बोलल्यावर त्यांना बोलायचा हक्क होता. पण बाबा तिच्याकडे बघतच नव्हते. ते स्टिअरिंगकडे बघत होते.

"हात बघ तुझे," ते म्हणाले.

तिने पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते, आणि स्टिअरिंग जरा उजवीकडे धरलेलं होतं. डावा हात वर, उजवा खाली, उजवा खांदा किंचित झुकलेला. सांगितल्याशिवाय, विचारल्याशिवाय, आपले आपण.

"अशीच बसायची," बाबा म्हणाले. "अगदी अशीच."

त्यांचा चेहरा हलला. वर्षभर तो हललेला ठिणगीने पाहिला नव्हता. हसायचं की रडायचं हे त्या चेहऱ्याचं ठरेना, म्हणून त्याने दोन्ही थोडं थोडं केलं. ठिणगीने हात सोडायचा प्रयत्न केला, पण तिला ते सोडवेनात. ती तशीच स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली, आणि बाबा खिडकीतून तिच्या पाठीवर थोपटत राहिले. काका उगाचच खांबाचा कोन अंदाजत उभे होते.

बऱ्याच वेळाने भंगारवाल्याने घसा खाकरला. "साहेब, मग ठरल्याप्रमाणे..."

"आज नाही," बाबा म्हणाले.

"पण घासली ना? घासायची नाही असं ठरलं होतं."

"गाडी नाही घासली. पोरीने घासली. गाडी सरळच होती."

"मग मी कधी येऊ?"

"येत जा रविवारी. चहा घेऊन जात जा."

भंगारवाला निराश झाला, पण चहा घेतला. (तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. काकांनी त्याला वेळेवर सांगितलं.) चहा झाल्यावर सगळ्यांनी मिळून म्हातारीला ढकलत आत आणलं. काकांनी फाटक ओढून घेतलं, सवयीने तार हातात घेतली, आणि ते थबकले.

"अरे धाकट्या," ते बाबांना म्हणाले, "कडी लागली."

खरंच लागली होती. डावा खांब बाबांनी जेवढा बाहेर लोटला होता, तेवढाच उजवा ठिणगीने लोटला होता. दोन्ही झडपा पुन्हा एका रेषेत आल्या होत्या, आणि कडी खट्कन जागेवर बसली होती. घरात आजवर झालेली ही एकमेव खरी दुरुस्ती, आणि ती कोणी केलेली नव्हती.

सोमवारी रजा संपली. ठिणगी ऑफिसला निघाली ती नेहमीप्रमाणे उशिरा आणि नेहमीप्रमाणे चिडलेली. गाडीची उजवी बाजू दबलेली, म्हणजे पुन्हा ओळंबा, पुन्हा पुली, पुन्हा काका. बाहेर पडता पडता ती ओरडून सांगत होती, की येत्या रविवारी ती बाथरूमचं दार, नळ, घड्याळ आणि खुर्ची, सगळं सरळ करणार आहे, आणि पलंग तर आज संध्याकाळीच फिरवणार आहे, आणि या घरात यापुढे कोणीही कशाचीही सवय करून घ्यायची नाही. असं म्हणत तिने बाहेर जाऊन डावी झडप ओढून घेतली, तिला खांदा लावला, आणि अंगातल्या सगळ्या जोराने रेटा दिला.

झडप वाऱ्यासारखी आत गेली. पाठोपाठ ठिणगीही. पर्स, डबा, छत्री आणि पदवी यांच्यासकट ती अंगणात, म्हातारीच्या दात पडलेल्या तोंडासमोर, उताणी पडली.

व्हरांड्यात पेपर खाली आला. (आजचा होता.)

"आता रेटायचं नाही," बाबा म्हणाले. "सरळ झालंय ते."